वालचंदचं इलेक्ट्रिकल की गोगटेचं सीएस? परवापर्यंत ठरवायचंय

कौलारू_खानापूर:

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, गावाचं नाव राहू दे. दहावीपर्यंत गावातच मराठी शाळा, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स बेळगावात टिळकवाडीला. केसीईटी (कर्नाटकची सीईटी) आणि महाराष्ट्राची सीईटी दोन्ही दिल्या कारण घरातले सगळे म्हणाले दोन्हीकडं दार उघडं ठेव, आणि आता दोन्हीकडं लागलंय तर सगळ्यांनी हात वर केलेत, तुझं तू बघ म्हणून.

केईएच्या म्हणजे कर्नाटकच्या प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडला रूरल कोट्यातून गोगटेला (जीआयटी, उद्यमबाग) कॉम्प्युटर सायन्स लागलंय. कॅपच्या म्हणजे महाराष्ट्राच्या प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडला टाइप ई मधून (सीमाभागातल्या मराठी मुलांसाठीचा गट) सांगलीच्या वालचंदला इलेक्ट्रिकल. वालचंदचं सीएस पण भरलं होतं पण माझं पर्सेंटाइल तिथवर पोचत नाही हे मला आधीच माहीत होतं.

आता घरची परिस्थिती सांगते म्हणजे उत्तर द्यायला बरं पडेल. बाबांची थोडी भातशेती आणि वीटभट्टी, दोन्ही पावसावर. जीआयटी केलं तर घरातून येऊन-जाऊन करता येईल, गावातून खानापूर आणि तिथून बस. सांगली म्हटलं की हॉस्टेल आणि मेस आलं. पुण्याचा मामा म्हणतो वालचंद ते वालचंद, ब्रँच कुठलीही असू दे, डोळे झाकून घे. बाबांचे एक मित्र म्हणतात आजच्या दिवसात सीएस सोडून इलेक्ट्रिकल घेणारी मुलगी पहिल्यांदाच बघतोय. आत्या म्हणते महाराष्ट्रात मुलींना फी माफ आहे, मग विचार कसला करताय. आजीला सांगलीचं पोरगं जावई म्हणून नको आहे, तिचा मुद्दा मी बाजूला ठेवलाय.

माझं म्हणाल तर मला फिजिक्स आवडतं. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) होतं त्यामुळं कॉम्प्युटर विषयच नव्हता, कोडिंग म्हणून मोबाइलवर पायथनचा एक कोर्स अर्धा बघितलाय तेवढंच. आणि अजून एक, सीमाभागातल्या मुलांना तिकडं गेल्यावर पुढं इकडच्या नोकऱ्यांना काही अडचण येते का? कुणी गेलेलं असेल तर सांगा प्लीज. परवा संध्याकाळपर्यंत केईएला चॉइस भरायचाय.

मिरज_पॅसेंजर:

अभिनंदन आधी. दोन्हीकडं लागणं सोपं नाही गं.

मी बेळगावचा, वालचंदलाच होतो, मेकॅनिकल, बरीच वर्षं झाली त्यामुळं आजच्या शिक्षकांबद्दल वगैरे मी बोलणार नाही. कॉलेज १९४७ चं आहे, विश्रामबागेत, ऑटोनॉमस आहे, डिग्री शिवाजी विद्यापीठाची मिळते. मामा म्हणतोय त्यात तथ्य आहे ते असं की जुन्या कॉलेजचे जुने विद्यार्थी सगळीकडं असतात, पुण्यात तर कंपनीच्या कँटीनमध्ये दहा लोकांत एक निघतोच. पहिल्या नोकरीला याचा थोडा उपयोग होतो, दुसऱ्या नोकरीला कुणी विचारत नाही.

जाण्यायेण्याचं सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. तुझ्यासाठी रेल्वे सगळ्यात बरी. खानापूरला गाडी धरायची, बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज. मिरजेहून विश्रामबागेला सिटी बस, वडाप काय पाहिजे ते मिळतं. आणि हे लक्षात ठेव, सीमेवर काही पेटलं की दोन्हीकडच्या एसट्या बंद होतात, २०२२ च्या डिसेंबरात झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत भाषेवरून बस कंडक्टरला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर परत झालं. कोगनोळीच्या नाक्यावर पोरं बॅगा घेऊन चालत इकडून तिकडं जातात त्या वेळी. रेल्वेला सीमा लागत नाही.

हॉस्टेलचं पहिलं वर्ष जड जातं, मग घरी यायला नको वाटतं, आईला हे आत्ताच सांगू नको.

सीमावासी_५६:

यात विचारायचं काय आहे? मराठी पोर, मराठी शाळेत शिकलेली, महाराष्ट्रानं सीमाभागासाठी टाइप ई ठेवलंय ते कशासाठी? आपल्या लोकांनी सत्तर वर्षं लढा दिला, लाठ्या खाल्ल्या, आणि जागा मिळाली की आपणच इथं बसणार. वालचंद घे. इथं राहून पहिल्याच वर्षी कन्नडचा पेपर द्यावा लागतो माहिती आहे ना?

उद्यमबागचा_पॅनलवाला:

सीमावासी साहेब, लढा आम्हाला पण आहे, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला मी पण दंडाला फीत बांधून फेरीत असतो. पण पोरीच्या चार वर्षांचा निकाल त्याच्यावर कशाला लावता? कन्नडचा पेपर म्हणजे व्हीटीयूत (गोगटे ज्याच्याखाली येतं ते विद्यापीठ) ज्यांना कन्नड येत नाही त्यांना ‘बळके कन्नड’ असतं, रोजच्या बोलण्याचं, एक क्रेडिट. खानापूरची पोरगी, शाळेत कन्नड शिकलेली, बाजारात कन्नड ऐकत वाढलेली, तिला त्याचं काय भ्या.

पोरी, आता इलेक्ट्रिकलचं मी सांगतो कारण माझं पोट त्याच्यावर आहे. उद्यमबागेत कंट्रोल पॅनल करतो, आमच्या आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या. लोक इलेक्ट्रिकल म्हटलं की वायरमन समजतात. हे काम काय असतंय बघ. रात्री दोनला फोन येतोय, इंडक्शन फर्नेस बंद पडली. आत लोखंड पातळ झालेलं, ते भट्टीतच गोठायला लागलं की लायनिंग गेलं, मालकाचा जीव वर-खाली. तू तिथं जाऊन उभी राहिलीस की पहिल्यांदा कुणाचं ऐकायचं नाही, मीटर लावायचा. पाणी थंड करणारा पंप ट्रिप झालाय का, पॅनलात कुठली लग ढिली होऊन काळी पडलीय का, कपॅसिटर फुगलाय का. एक-एक गोष्ट बाद करत यायचं. त्यात जी मजा आहे ती ज्याला कळली तो इलेक्ट्रिकलचा. दुसऱ्या दिवशी त्याच मालकाचं हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) बिल बघायचं, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खऱ्या कामाला किती लागली ते) ०.९० च्या खाली गेला की दंड लागतोय, तो कशामुळं गेला ते शोधायचं. आता सोलर आलं, गाड्यांचं चार्जिंग आलं, व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारं), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) तर सगळीकडं. माझ्याकडं पीएलसीचं प्रोग्रॅमिंग करणारी एक पोरगीच आहे, कोल्हापूर-सातारला साइटवर जाऊन येतेय, कुणी काही म्हणत नाही, पहिल्यांदा म्हणायचे.

वाईट पण सांगतो. सुरुवातीला पगार सीएसवाल्यांपेक्षा कमी. लई कमी कधीकधी. आणि आपल्या भागातले कारखानदार इंजिनिअरला आयटीआयवाल्याच्या बरोबरीनं पगार सांगतात, वर ‘अनुभव मिळतोय की गा’ म्हणतात. हे तोंडावर सांगायला पाहिजे. पण डिग्री असली की इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टोरेटचा सुपरवायझर परमिट, पुढं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, म्हणजे स्वतःचं काही करायला वाट राहते. सीएसवाल्याला तसलं लायसन्स लागतच नाही म्हणा, तो घरात बसून सुरू करतोय.

कॉलेजचं मला विचारू नको, गोगटेची पोरं माझ्याकडं इंटर्नशिपला येतात, वालचंदची आली नाहीत कारण सांगली लांब आहे.

सीएसवाली_शहापूर:

मी बेळगाव शहापूरची, इथल्याच एका व्हीटीयू कॉलेजमधून सीएस केलं, कॉलेजचं नाव सांगत नाही, आता बेंगळुरात आहे. वर सगळ्यांनी छान छान सांगितलंय पण तिला सीएस मिळालंय आणि कुणी सीएसबद्दल बोलतच नाहीये म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट येऊन-जाऊन करण्याची. हे ऐकायला फार स्वस्त वाटतं, आणि आहेच, २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत आपल्या आधारवर सरकारी बस फुकट आहे, खानापूर ते उद्यमबाग एक रुपया लागणार नाही. (महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे पण ते त्यांच्या हद्दीपुरतं.) पण गावातून खानापूर, खानापूरहून पुढं, पावसाळ्यात झाड पडलं की रस्ता बंद, आणि संध्याकाळी घरी पोचलीस की तू मेलेली असतेस. सीएसमध्ये वर्गात जे शिकवतात ते निम्मं, बाकीचं रात्री स्वतः बसून करायचं असतं आणि त्यालाच नोकरी लागते. माझ्या वर्गातल्या खेड्यातून ये-जा करणाऱ्या मुली हुशार असून मागं पडायच्या त्या याच कारणानं, लॅबनंतर थांबताच यायचं नाही, शेवटची बस. त्यामुळं जीआयटी घेतलंस तर निदान पहिली दोन वर्षं टिळकवाडी किंवा अनगोळात पीजी बघ. म्हणजे मग सांगलीच्या हॉस्टेलचा खर्च आणि इथला खर्च यात बाबा समजतायत तेवढा फरक उरत नाही. हा हिशोब घरी मांड आधी.

दुसरी गोष्ट, सीएसची गर्दी. एआयसीटीईनं (इंजिनिअरिंग कॉलेजांवरची केंद्राची संस्था) २०२४-२५ पासून एका ब्रँचला किती जागा यावरची मर्यादाच काढली, तेव्हापासून जिकडं-तिकडं सीएस, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या वाढल्यात. मी जीआयटीबद्दल बोलत नाही, एकूण सांगतेय. आणि फ्रेशर्सची भरती दोन-तीन वर्षं मंदावलेली आहे हे इथं राहून बघतेय. म्हणून सीएस म्हणजे नोकरी पक्की हे बाबांच्या मित्राला सांग की जुनं झालं. पण उलटपण खरं आहे, ज्याला खरंच येतं त्याला अजूनही सीएसमधून जेवढी दारं उघडतात तेवढी दुसऱ्या कशातून नाही, आणि बेळगावात बसून बाहेरचं काम करता येतं. मोठ्या आयटी कंपन्या इलेक्ट्रिकलवाल्यांनाही घेतात, टीसीएसची परीक्षा सगळ्या ब्रँचला असते, पण तू इलेक्ट्रिकल घेऊन शेवटी तिथंच जाणार असशील तर मग आत्ताच सीएस का नको? हा प्रश्न स्वतःला नीट विचार.

प्लेसमेंटचे फ्लेक्स बघू नको. एकाच मुलाचा फोटो सगळ्या पोस्टरवर असतो. दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवर एनआयआरएफला (केंद्राच्या कॉलेज रँकिंगला) दिलेला डेटा शोध, त्यात किती मुलं पास झाली, किती लागली, मिडियन पगार किती, किती पुढं शिकायला गेली असं वर्षवार असतं. तो ब्रँचप्रमाणे नसतो, म्हणून मग त्या ब्रँचच्या फायनल इयरच्या मुलीला लिंक्डइनवर मेसेज कर आणि एवढंच विचार की तुझ्या वर्गात कॅम्पसमधून किती जणी लागल्या. मुली उत्तर देतात. दर्जाची मान्यता म्हणून नॅक कॉलेजला असतं, एनबीए ब्रँचला असतं, ते पण बघून घे, तुझ्या ब्रँचला चालू आहे की संपलंय.

आणि आज रात्री एक कर. कुणाच्या तरी लॅपटॉपवर, नसला तर मोबाइलवर, सी नाहीतर पायथनमध्ये बाबांच्या भट्टीचा हिशोब लिही. विटा किती थापल्या, किती फुटल्या, थापणाऱ्याला हजारी किती, कुणाची उचल किती कापायची. यूट्यूब बघून लिही, कॉपी नको करू. चालणार नाहीच पहिल्यांदा. तेव्हा कंटाळा येतोय की चूक सापडेपर्यंत झोप येत नाहीये, ते बघ. बाकी कुणाचाही सल्ला याच्यापुढं काही नाही, माझा पण.

फॉर्मवाले_सर:

मी पीयूला शिकवतो, दरवर्षी पोरांचे दोन्हीकडचे फॉर्म भरून देतो, त्यामुळं ब्रँचचं मोठ्यांवर सोडतो आणि कागदांचं बोलतो. कारण पोरं ठरवण्यात हुशार असतात आणि कागदात अडकतात.

आधी आत्याबाईंचा मुद्दा. महाराष्ट्रानं २०२४-२५ पासून मुलींचं शैक्षणिक आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं ते ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींसाठी. सरसकट नाही. आपल्याकडं मराठा समाज ३बी मध्ये (कर्नाटकातला मागासवर्गाचा गट) येतो पण ते कर्नाटकचं सर्टिफिकेट तिकडं एसईबीसी म्हणून धरत नाहीत, तिकडच्या आरक्षणाला तिकडचाच दाखला लागतो. टाइप ई नं तुला प्रवेशाचं दार उघडून दिलंय, त्याच्या जोरावर फी माफ झाली असं धरून बाबांनी बजेट करू नये. बाकी शिष्यवृत्तीच्या अटी कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर फोन करून, टाइप ई आहे असं स्पष्ट सांगून विचार, आणि फी भरायच्या आधी विचार. इकडं तुझी सीट एसएनक्यू कोट्यातून (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या वाढीव जागा) आहे का ते अलॉटमेंटवर बघ, असली तर ट्यूशन फी माफ असते, रूरल वेगळं आणि एसएनक्यू वेगळं, पोरं दोन्ही एकच समजतात.

टाइप ई ला दोन दाखले लागतात, एक वादग्रस्त सीमाभागात राहत असल्याचा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा, त्यांच्याच प्रोफॉर्मात, अक्षर इकडचं तिकडं नको. आपल्या साध्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांनी लिहून दिलेलं घेऊन गेलेली पोरं सांगलीहून परत आलेली मी बघितलीत.

केईएचे चॉइस नीट वाच. चॉइस १ म्हणजे ही सीट मला पसंत, फी भरून प्रवेश. २ म्हणजे ही राहू दे पण वरची मिळाली तर बघतो, फी यातही भरायची. ३ म्हणजे ही सोडली पण पुढच्या राउंडला आहे. ४ म्हणजे मी बाहेर. घाईत १ दाबून मग आमच्याकडं रडत येतात. कॅपला आता दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पसंतीतलं लागलं की सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही. तुझी वालचंद इलेक्ट्रिकल कितवी पसंती होती ते कळव.

दोन्हीकडं पैसे भरून ठेवायची हुशारी करू नका. टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) एकच असते, ज्या कॉलेजनं घेतली ते लगेच देत नाही. एआयसीटीईचा नियम आहे की ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी परत द्यायचे, पण परत द्यायचे आणि परत मिळणे यात पावसाळा जातो. केईएत शेवटच्या राउंडनंतर सोडलं तर पैसे विसरा.

सांगलीला जायचं ठरलं तर मार्क्स कार्ड, टीसी आणि पीयूसीचं मायग्रेशन सर्टिफिकेट, याचा अर्ज आजच टाक, शिवाजी विद्यापीठाची एलिजिबिलिटी त्याशिवाय पूर्ण होत नाही. सगळ्याच्या अटेस्टेड झेरॉक्सचे चार-पाच सेट घरी ठेव.

नोकरीचं विचारलंस. पदवी कुठल्याही मान्य विद्यापीठाची चालते, वालचंद केलंस म्हणून केपीटीसीएल-हेस्कॉम या कर्नाटकच्या वीज कंपन्या तुला बंद होत नाहीत. तिथं कन्नडची परीक्षा असते ती गोगटेत शिकलेल्यालाही असते. पीजीसीईटीला (पुढच्या एमटेक वगैरेसाठी कर्नाटकची परीक्षा) कर्नाटकात सात वर्षं शिकलेलं लागतं ते तुझं शाळेतच पूर्ण झालंय. आणि महाराष्ट्राच्या सरकारी जाहिरातींत महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांसाठी वेगळी तरतूद असते, पंधरा वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो. म्हणजे उलट तू दोन्हीकडं अर्ज करू शकतेस, सीमाभागात राहण्याचा हा एवढाच फायदा.

लोन काढायचं असेल तर चार लाखांपर्यंत बँक तारण किंवा स्वतःचा हिस्सा मागत नाही, हॉस्टेल-मेस पण त्यात धरता येतं. मॅनेजर वीटभट्टीचा उतारा मागायला लागला तर तिथं सही करू नका.

सीमावासी_५६:

पॅनलवाले, राग नाही. माझं म्हणणं एवढंच की सवलत वापरली नाही तर उद्या सरकार म्हणेल कुणी येतच नाही, बंद करा. पोरीनं काय करायचं ते करावं.

मिरज_पॅसेंजर:

सरांच्या पोस्टला नमस्कार. एक भर. दोन्हीकडं दुसऱ्या वर्षाला ब्रँच बदलता येते असं कुणीतरी सांगेल. रिकामी जागा असली आणि पहिल्या वर्षाचे मार्क्स वर्गात वरचे असले तरच. सीएसमध्ये जागा रिकामी व्हायला कुणीतरी सोडून जावं लागतं. त्या भरवशावर वालचंद घेऊ नकोस. इलेक्ट्रिकल म्हणून चार वर्षं काढायची तयारी असेल तरच घे.

कौलारू_खानापूर:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सर, पसंती पाचवी होती त्यामुळं ऑटो फ्रीझ झालेली नाही. एसएनक्यू नाही, साधं रूरलच आहे.

काल रात्री शहापूरच्या ताईंनी सांगितलेला हिशोब लिहायला बसले. भावाचा जुना लॅपटॉप. पहिल्यांदा विटा उणे बाराशे आल्या, म्हणजे भट्टी लावल्यावर बाबांनीच गिऱ्हाइकाला विटा देणं लागत होतं. मग फुटलेल्या दोनदा वजा होत होत्या ते सापडलं. चाललं शेवटी. मजा आली हे खोटं बोलणार नाही. पण बाबांना दाखवलं तर ते म्हणाले उचल अशी कापत नाहीत, शनिवारच्या बाजाराला आधी पैसे सुटतात आणि मग कापतात, आणि आम्ही दोघं त्याच्यावरच बोलत बसलो, कोड तसाच राहिला.

पॅनलवाले काका, तुमचं वाचल्यावर मात्र मी आज सकाळी आमच्या गावच्या टीसीजवळ जाऊन उभी राहिले, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सरांची टीसी नव्हे. आमच्याकडं पावसाळ्यात जंगलातनं आलेली लाइन पडली की चार-चार दिवस अंधार असतो, मोटारला थ्री फेज रात्रीच देतात, हे मी लहानपणापासून बघतेय पण का असं कधी कुणाला विचारलंच नव्हतं. लाइनमन मामा तिथंच होते, फ्यूज बसवत होते. विचारलं. त्यांनी एका फेजवर लोड जास्त झाला की काय होतं ते काठीनं चिखलात काढून दाखवलं, मला तर अर्धंच कळलं, पण घरी येऊन पुस्तक काढून बघितलं आणि दुपारचं जेवण राहिलं.

खर्चाचा हिशोब पण मांडला. बेळगावात पीजी धरलं तर ताई म्हणतात तसंच होतंय, फरक आहे पण बाबांना वाटत होता तेवढा नाही. बाबा म्हणाले पीजीत ठेवायचीच असेल तर मग सांगली काय वाईट. वालचंदच्या इलेक्ट्रिकलच्या एका अक्कांना मेसेज केला होता, त्यांनी फोनच केला, त्यांच्या वर्गातलं सगळं सांगितलं, चांगलं-वाईट दोन्ही. गोगटेच्या सीएसच्या मुलीनं पण छान सांगितलं, तिथं पण काही वाईट वाटलं नाही, म्हणून जास्त अवघड झालं.

तर वालचंद फ्रीझ करतेय. उद्या केईएला चॉइस ४. मामाला वाटतंय त्याचं ऐकलं. वाटू दे.

सर, मातृभाषेच्या दाखल्याचं एक विचारायचं होतं. फॉर्म भरताना शाळेतून घेतला होता, पण त्यात आमच्या गावाचं नाव कर्नाटक सरकारच्या नव्या स्पेलिंगनं आहे आणि राहण्याच्या दाखल्यात जुन्या. चालेल का?

सीएसवाली_शहापूर:

मला अजून पटलेलं नाही 😄 विटा दोनदा वजा होतायत हे ज्या मुलीला त्याच रात्री सापडतं तिला मी सीएसमध्येच टाकलं असतं. पण आता ठरवलंयस तर मागं बघू नको. सी मात्र सोडू नकोस, इलेक्ट्रिकलवाल्या मुलीला सी आणि थोडं एम्बेडेड येत असलं तर बेंगळुरातल्या गाड्यांच्या कंपन्या शोधत येतात, हे मी रोज बघते.

उद्यमबागचा_पॅनलवाला:

टीसीजवळ उभारलीस ते बरं केलंस पण कुंपणाच्या बाहेर उभार, पावसाळ्यात तर अजिबात हात लावायचा नाही, लाइनमन असू दे नाहीतर नसू दे. दुसऱ्या वर्षानंतर सुट्टीत इंटर्नशिप पाहिजे असली तर सांग. पगार नाही, चहा आहे.

फॉर्मवाले_सर:

चालवून घेतील असं धरून जाऊ नकोस. मुख्याध्यापकांकडून नवा दाखला घे, राहण्याच्या दाखल्यावर जे स्पेलिंग आहे तेच अक्षरशः घालायला सांग, आणि दहावीच्या मार्क्स कार्डावर गावाचं नाव कसं आहे ते आधी बघ. तिथं तिसरंच असलं तर तालुक्याला जाऊन दोन्ही नावं एकाच गावाची आहेत असं अॅफिडेव्हिट करून घ्यावं लागेल. चॉइस ४ त्याच्या आधी दाबू नको. उद्या सकाळी दहाला शाळा, मग तालुका, मग केईए, याच क्रमानं. शाळेचा शिक्का गोल असतो तो सहीवर अर्धा यायला पाहिजे.